ढगळ खुर्ची

कागदाची खुर्ची करू या, असं माझ्या भाचीच्या शाळेतली टीचर पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तिच्या तोंडावर हसले. माझं शिवणकामाचं दुकान आहे. कापड जरा विरळ दिसलं तरी मी गिऱ्हाइकाला परत पाठवते, आणि ही पोरगी म्हणत होती की रद्दीवर मूल बसवू. "आणि वर पाणी सांडलं तर?" मी विचारलं. "खुर्ची पिळून दोरीवर वाळत घालायची का?"

टीचर रागावली नाही. तिने कोपऱ्यातलं एक बुटकं स्टूल पायाने माझ्यापुढे सरकवलं. "आत्या, यावर उभ्या राहा."

मी अंगाने चांगली भरलेली आहे. घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण सगळ्यांचे कपडे मीच शिवते. मी चपला काढल्या, भिंतीला हात लावला आणि चढले. स्टूल हूं की चूं न करता उभं राहिलं. वरून मी एक उडी मारून बघितली, तरी काही नाही. "पुठ्ठा, कागद आणि खळ," टीचर म्हणाली. "आत लाकडाची काडीसुद्धा नाही. या सुट्टीत वर्गातली सगळी स्टुलं आणि टेबलं पालकांनी मिळून अशीच करायची ठरवलंय. त्यातच लवंगीची खुर्ची करू." मी मुकाट्याने खाली उतरले. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचे खांदे हसून हलत होते.

लवंगी म्हणजे माझी भाची. माझ्या दादाची मुलगी. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून हे नाव मीच पाडलं आणि मग तेच चिकटलं. तिचे हात चपळ आहेत, डोकं तर माझ्याहून तल्लख आहे, पण जन्मापासून तिची पाठ धरत नाही. आधाराशिवाय बसवली की ती एका कुशीवर कलंडते. म्हणून ती बसायची ती वहिनीच्या मांडीवर. जेवायची तिथे, चित्रं काढायची तिथे आणि सगळ्या घरावर हुकूम सोडायची तोही तिथूनच. शाळेतसुद्धा वहिनी वर्षभर वर्गात जमिनीवर बसून होती, मांडीवर लवंगी आणि आजूबाजूला सगळी चिल्लीपिल्ली.

आता ते चालणार नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी गोड आवाजात, पण स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वर्गात मोठं माणूस आत बसू शकत नाही. मुलांचं लक्ष लागत नाही, आणि लवंगी तर वर्गात आईशिवाय कोणाशी बोलतच नाही. सुट्टीनंतर ती आपली आपण टेबलापाशी बसली तर उत्तम, नाहीतर तिचं शिक्षण घरी. दुकानांतल्या खुर्च्या आम्ही बघून चुकलो होतो. कुठे ती कलंडायची, कुठे पट्ट्यांनी बांधावं लागायचं आणि मग ती आकाशपाताळ एक करायची. घरी ठेवायचं या कल्पनेने वहिनीची झोप उडाली होती. माझीही उडाली होती, पण मी ते तोंडावर दिसू देत नव्हते.

लवंगीकडून व्यायाम करून घेणारे डॉक्टर एकदा येऊन सगळं समजावून गेले. कंबर मागे नीट टेकलेली, गुडघे काटकोनात, पावलं पूर्ण टेकलेली आणि दोन्ही कुशींना आधार. "खुर्ची अगदी मापात हवी," ते म्हणाले. "मापात बसली तर ही मुलगी बसेल, यात मला शंका नाही."

"मापाचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं. गळ्यातली टेप मी तेव्हाच हातात घेतली होती.

लवंगीला वहिनीने धरलं आणि मी मापं घेतली. कंबर, मांडी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, काखेपासून बैठकीपर्यंत. लवंगी गुदगुल्या होतात म्हणून किंचाळत होती. "वन्सं, वाढतं अंग आहे हो तिचं," वहिनी हळूच म्हणाली. "वर्षात आखूड व्हायला नको."

"मला शिकवू नकोस. धरलंय मी सगळं," मी म्हटलं.

आमच्या घरात हे कोणाला सांगावं लागत नाही. आमचे वडीलही शिंपी होते. दादाची पँट पहिल्या वर्षी छातीशी बांधलेली असायची, दुसऱ्या वर्षी कमरेला यायची आणि तिसऱ्या वर्षी मला मिळायची. मापात बसणारा कपडा मूल वर्षभर घालूच शकत नाही, हे मला अआइई शिकायच्या आधी ठाऊक होतं.

मग सुरू झाला आमचा कारखाना. दादा गोदामात कामाला आहे, तिथून तो कपाटांएवढे खोके आणायचा. एरवी घरी एक फडताळ पुसायला सांगितलं तर त्याचा गुडघा दुखतो, पण मुलीसाठी तो डोक्यावर खोका घेऊन भर रस्त्यातून गाणं म्हणत यायचा. वर्गात बाकीचे पालक स्टुलं आणि टेबलं करत होते. कोणाचा बाप टेबलाचे पाय गुंडाळतोय, कोणाची आई मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ ढवळतेय, आणि सगळ्यांची पोरं खळीत कोपरापर्यंत माखलेली. त्या गोंधळात टीचर एकेकाला कामं वाटत फिरायची.

पुठ्ठ्याचं काम मला चटकन उमगलं. पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात, तोही कापडासारखा उभा-आडवा असतो. एक थर उभा, त्यावर एक आडवा, मध्ये खळ आणि वर वजन. असे थर चिकटवले की फळी होते, आणि ती फळी गुडघ्यावर मोडून दाखवा म्हटलं तर गुडघाच मोडेल. वजन म्हणून आम्ही दादाला बसवायचो. तो फळीवर बसून पेपर वाचायचा आणि मध्येच म्हणायचा, "मी काम करतोय, मला कोणी हाका मारू नका."

माझं बिनसलं ते कागदावरून. मी घरून माझी मोठी कात्री आणली होती आणि वर्तमानपत्राच्या सरळसोट पट्ट्या कापून गठ्ठा लावला होता. टीचरने तो गठ्ठा बाजूला ठेवला. "आत्या, कागद फाडायचा असतो. फाटलेली कड पातळ असते, ती खालच्या कागदात मिसळते. कापलेली कड वर उभी राहते आणि तिथून सुटते."

मी शिवणकामात केस पांढरे केले, आणि मला फाडायला सांगत होती! माझी फाडलेली पट्टी वेडीवाकडी यायची. लवंगी मात्र चटईवर आडवी पडून एका हिसक्यात लांबलचक पट्टी काढायची. फाडणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क. "आत्या, तुला येत नाही," ती म्हणायची. "तू नुसती चिकटव."

तर मी नुसती चिकटवू लागले. एक थर छापील कागदाचा, एक थर कोऱ्या तपकिरी कागदाचा, म्हणजे कुठलं सुटलं ते रंगावरून दिसतं. खळीत चिमूटभर तुरटी, म्हणजे बुरशी धरत नाही. प्रत्येक थर उन्हात वाळवायचा आणि मगच पुढचा. ओल्यावर ओलं चढवलं की आत ओल राहते आणि खुर्ची आतून सडते, हे टीचरने आम्हाला इतक्या वेळा बजावलं की शेवटी लवंगीच येणाऱ्याजाणाऱ्याला बजावू लागली. मधेच आभाळ आलं आणि दिवसच्या दिवस काही वाळेना. मी शेजाऱ्यांना पंखे मागितले. एकाने पंखा कशाला म्हणून विचारलं, त्याला मी सांगितलं की खुर्चीला उकडतंय.

एकदा टीचर खुर्चीभोवती फिरली आणि थांबली. "आत्या, जरा मोठी नाही का वाटत?"

"ओली आहे," मी म्हटलं. "वाळली की आटेल."

टीचरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यासमोर असं पुष्कळांचं होतं.

शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी सकाळी मी खुर्चीच्या पाठीवर बोटाने वाजवलं तर खणखणीत आवाज आला. आता रंग तेवढा द्यायचा होता. पण कच्च्या टाक्यावर अंगाला लावून बघितल्याशिवाय मी ब्लाउजसुद्धा पुरा करत नाही. दादा आधी बसला. मग मी बसले. मग आम्ही दोघं एकदम बसलो, आणि वहिनी टाळ्या वाजवून हसली. मग तिने लवंगीला उचललं, खुर्चीत ठेवलं आणि हात काढून घेतले.

लवंगी सावकाश एका बाजूला गेली. तिथून ती पुढे सरकली, सरकत सरकत खाली गेली आणि शेवटी खुर्चीत फक्त तिची हनुवटी आणि वरचा भाग दिसू लागला. पावलं टेकायचं नाव नाही. दोन्ही बाजूंना एवढी जागा होती की आणखी एक लवंगी मावली असती.

"आत्या," खालून आवाज आला, "ही खुर्ची तुझी आहे का?"

कोणी हसलं नाही. मी टेप काढली आणि खुर्चीवर लावली, तेव्हा सगळा उजेड पडला. कमरेला मी सैलसर ठेवलं होतं. बैठकीला वाढीचं धरलं होतं. पायांना तर मी दुमडपट्टीएवढं सोडलं होतं. आणि या सगळ्यावर, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं म्हणून मी आणखी बोटभर वाढवलं होतं. पुठ्ठा कशाला आटतोय! मी आयुष्यभर जसे पोरांचे ढगळ कपडे शिवले, तशी ढगळ खुर्ची करून बसले होते. डॉक्टर "मापात" म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वहिनीने लवंगीला पुन्हा मांडीवर घेतलं. "मीच म्हटलं होतं ना, आखूड नको," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "परवा शाळा आहे, वन्सं. नवी करायला आता वेळ कुठाय?"

दादाने दोन उशा आणून लावून बघितल्या. लवंगीने त्या दाबल्या, त्या दबल्या आणि ती पुन्हा कलंडली. दादा उशा हातात धरून तसाच उभा राहिला. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्याच्यावर खेकसले, टीचरवर खेकसले, खळीच्या पातेल्यालाही दोन शब्द सुनावले. मग माझं मलाच हसू आलं. अहो, माझ्याकडे रोज कोणी ना कोणी ढगळ कपडा घेऊन येतं आणि मी तो आत घेऊन देते. दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय तसं. मी गिऱ्हाइकासमोर कधी रडत बसत नाही.

"उठा सगळे," मी म्हटलं. "खुर्ची आत घेऊ."

"कपडा नाहीये तो, आत घ्यायला," दादा म्हणाला.

"तू फक्त वाळलेले पुठ्ठे आण. उरलेल्या फळ्या आण. आणि माझी इस्त्री."

टीचरने एकदम मान वर केली. "इस्त्री! पातळ खळ, एकच कागद आणि वरून इस्त्री. वाळेल, आत्या. नक्की वाळेल." तिने स्वतःच दुकानाकडे धूम ठोकली.

मग लवंगीची ट्रायल सुरू झाली. वहिनीने तिला खुर्चीत कंबर मागे टेकवून धरलं. मी तिच्या पाठीमागे एक फळी सरकवली, मग आणखी एक, अशा तिचे गुडघे बैठकीच्या काठावर येईपर्यंत. दोन्ही कुशींना पुठ्ठ्याचे तुकडे सारत गेले. पावलांखाली ठोकळा ठेवला. खडूने खुणा केल्या, पोरीला बाहेर काढलं, तुकडे चिकटवले आणि वर कागद लावून इस्त्री फिरवली. वाफेचा ढग उठायचा आणि वर्गभर शिजलेल्या मैद्याचा वास पसरायचा. कागद वाळून कडक झाला की पुन्हा लवंगी आत.

असलं खट गिऱ्हाईक मी आयुष्यात बघितलं नाही. "इथे ढिलं आहे." "इथे टोचतंय." "हा पाय लोंबतोय." "आत्या, डावीकडे जास्त झालं, थोडं काढ." मी काढलं. "आता कमी झालं." मी पुन्हा लावलं. वाढत्या अंगासाठी चार बोटं जागा ठेवू का, असं माझ्या तोंडावर येत होतं, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. टीचर म्हणाली, "वाढली की आतला थर खरवडून काढू. त्याची काळजी आत्ता नको." मला ते पटलं, आणि पटलं हे मी कबूलही केलं. हे नवल म्हणून दादाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या तारखेला गोल केला.

दुपार कलताना लवंगी पुन्हा एकदा आत बसली. मी खाली वाकून पावलं बघत होते. वहिनीचे दोन्ही हात तिच्या बगलेत होते.

"आई, सोड," लवंगी म्हणाली.

वहिनीने बोटं सैल केली, पण हात तिथेच ठेवले.

"सोड ना गं. मला गुदगुल्या होतात."

वहिनीने हात काढले. लवंगी बसून राहिली. पाठ ताठ, मान वर. ती कलंडेल म्हणून आम्ही सगळे एका बाजूला झुकलो होतो, पण ती काही कलंडेना. तिने एक हात उचलला, मग दुसरा. दोन्ही हात एकदम मोकळे असले तर त्यांचं काय करायचं असतं ते तिला क्षणभर सुचलं नाही. मग तिने माझे पांढरे केस धरले आणि जोरात ओढले. मी ओरडले, आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता. दादा तोंड फिरवून खिडकीशी गेला. टीचरने खळीच्याच हातांनी डोळे पुसले आणि तिच्या पापण्या चिकटल्या.

रविवारी खुर्चीला जांभळा रंग दिला. रंग लवंगीने निवडला होता आणि त्यावर अपील नव्हतं.

सोमवारी वहिनीने लवंगीला वर्गात खुर्चीत बसवलं, टेबल जवळ ओढलं आणि ती बाहेर आली. तिथून ती सरळ माझ्या दुकानात आली. तिला घरी जाववेना. मी मशीन चालवत होते आणि ती समोर बसली होती, डावा हात कोपरात वाकवून, जणू लवंगी अजून तिथेच होती. मी तिला काजं करायला दिली. तिने एका शर्टाला एवढी काजं केली की तेवढी बटणं त्या शर्टाला नव्हती. "रडत असेल का हो?" ती विचारायची. मी म्हणायचे, "रडली असती तर इथपर्यंत ऐकू आलं असतं." पण माझाही दोरा सारखा तुटत होता. कोणी न बोलता ती दिवसभर नुसती बसून राहिली असेल, तर मोठ्या बाई काय म्हणतील, हेच माझ्या मनात घोळत होतं.

शाळा सुटायच्या आधीच आम्ही वर्गाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो. हळूहळू बाकीच्या आया जमल्या. वर्षभर वहिनी आत असल्यामुळे दाराशी उभं राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. त्या बायकांनी तिच्यासाठी अदबीने जागा केली. त्या तिच्याशी नेहमीच हळू आवाजात बोलत, आजारी माणसाच्या घरी गेल्यासारखं. कोणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बसली का हो बिचारी?" वहिनी दाराच्या फटीतून आत बघायची धडपड करत राहिली.

दार उघडलं. टीचर बाहेर आली ती थेट आमच्याकडे. चेहरा गंभीर. "लवंगीच्या आई, तुमच्याशी बोलायचंय."

वहिनीने माझा दंड धरला. "नाही बसली का?"

"बसली. सकाळपासून बसली आहे. त्याचाच तर त्रास आहे." टीचर एकेक बोट दुमडत मोजू लागली. "शेजारच्या मुलाचा जांभळा खडू घेतला. तो मागायला लागला तर 'माझ्या खुर्चीचा रंग आहे, म्हणजे माझाच' म्हणाली. त्याने खडू ओढला, हिने त्याचे केस ओढले. गोष्ट सांगताना मला चार वेळा थांबवलं आणि शेवट स्वतःच सांगून टाकला. बडबड तर विचारू नका. शेवटी मी रागावले तिला. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली थोडा वेळ. तर भिंतीशी बोलत बसली."

वहिनी ऐकत होती. "तुम्ही रागावलात तिला?" शेवटी तिने विचारलं.

"हो. रागावले."

"म्हणजे... बाकीच्यांना रागावता तशाच?"

टीचरचा गंभीर चेहरा टिकेना. "तशीच," ती म्हणाली. "जरा जास्तच."

वहिनी आत गेली. लवंगी टेबलापाशी हाताची घडी घालून बसली होती. गालांवर खडू, नाक लाल, पाठ ताठ. तिच्या शेजारचा कुरळ्या केसांचा मुलगाही तसाच घडी घालून फुरंगटला होता. वहिनी तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. मी तिला असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं तिचे हात रिकामेच नसत.

"घरी चल तू आज," वहिनी म्हणाली, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की दाराबाहेरच्या सगळ्या बायकांना ऐकू जावं. "मग बघते तुझ्याकडे!"

लवंगीने डोळे मोठे केले. हे वाक्य तिला नवीन होतं. दाराशी रोज प्रत्येक आई आपापल्या पोराला तेच म्हणायची, आणि वर्षभर वहिनी आत मांडीवर मूल घेऊन ते ऐकत बसायची.

तेवढ्यात कुरळ्याची आई आत आली. तिने मुलाचा अवतार बघितला, लवंगीचा बघितला आणि कपाळाला हात लावला. या वेळी तिचा आवाज हळू नव्हता. "तुमचीही का हो तसलीच?" तिने वहिनीला विचारलं.

"विचारूच नका," वहिनी म्हणाली. तिचा सगळा चेहरा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नुसता वैताग आणलाय हो या पोरीने!"